नाकांची पाटकरीण

नीरा नदीला दोन कालवे आहेत, एक डावा आणि एक उजवा. हे भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं आहे, त्यामुळे त्यावर वाद नाही. माझ्या बालवाडीतल्या प्रत्येक पोराला तसेच दोन कालवे होते, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. फरक एवढाच, की नीरेच्या कालव्याला दारं असतात, पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं याचे नियम असतात, आणि ते पाळायला सरकारनं नेमलेला पाटकरी असतो. माझ्या पोरांचे कालवे बारमाही. दारं नाहीत, नियम नाहीत, आणि पाटकरी म्हणाल तर एकटी मी.

मी मूळची बारामतीची. सातवी पास झाले, बालवाडीचं शिक्षण घेऊन आले आणि पन्नासच्या दशकात, विशी उलटायच्या आत, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीला बाई म्हणून रुजू झाले. शिक्षणात आम्हाला बडबडगीतं शिकवली, मातीची फळं करायला शिकवलं, कागदाच्या होड्या शिकवल्या. नाक पुसायला कुणी शिकवलं नाही. सुगरणीला सगळी पक्वान्नं शिकवावीत आणि चूल पेटवायचं सांगायला विसरावं, तसली गत. पहिल्याच सकाळी एक पोरगं धावत आलं, माझ्या कोऱ्या पातळाला त्यानं दोन्ही हातांनी मिठी मारली. मी विरघळले. म्हटलं, काय हे प्रेम! पोरानं नाक व्यवस्थित पुसलं आणि निघून गेलं.

तो शिरपा. त्याची आई रखमा दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. शिरपाचं नाक तो निरवांगीत असेपर्यंत मी कोरडं पाहिलं नाही, पण अंगानं पोरगं लोखंड. तो शिंकला की पत्र्यावरची कबुतरं उठायची ती थेट डाळजला जाऊन बसायची. डाळज म्हणजे भिगवणच्या अंगाला, बैलगाडीला पुरता दिवस लागेल इतकं लांब. बिचारी दुसऱ्या दिवशी दमूनभागून परत यायची, तोवर शिरपाचा चेहरा पुन्हा आकाशाकडे वळलेला असायचा. खोटं वाटत असेल तर डाळजच्या कबुतरांना विचारा.

बालवाडी भरायची तात्यांच्या छपरात. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार, नजर पोचेल तिथवर ऊस, आणि सहकारी कारखान्याच्या मीटिंगांना पहिल्या रांगेत. पूर्वी त्या छपरात त्यांचं गुऱ्हाळ होतं. ऊस कारखान्याला जायला लागल्यावर रस आटवायचं चुलवण बुजवलं आणि छप्पर मला दिलं. पण गुळाची वाफ भिंतींत इतकी मुरलेली, की उन्हाळ्यात भिंतींना घाम फुटायचा तो गोड. पोरं ओळीनं उभी राहून भिंत चाटायची. मी स्वतः कधी चाटली नाही, असं मी लिहून देणार नाही.

छपरावाचून माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. आणि ते छप्पर का हवं होतं, हे सांगायला हवं. बालवाडी नव्हती तेव्हा खुरपायला जाणाऱ्या बायका पोरांना बरोबर रानात न्यायच्या. तान्हं झोळीत. रांगतं, पळतं पोर असेल तर त्याच्या कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक बांधावरच्या बाभळीला. पलीकडे पाट वाहतोय. आई सरी संपवून मागं वळून बघणार, दोरी ताठ आहे का ढिली. रखमानं शिरपाला असंच बांधून वाढवला होता. कमरेला दोरीचा वळ होता त्याच्या. तेव्हा माझी बालवाडी म्हणजे गाणी आणि होड्या नव्हत्या, ती त्या दोरीची सुट्टी होती.

आता धंद्याचं थोडं सांगते. नाक वाचावं लागतं. पाण्यासारखं पातळ वाहतंय, म्हणजे सर्दी नुकतीच गावात उतरली आहे. दाट झालं, पिवळं-हिरवं झालं, की आया घाबरतात, पण बहुतेक वेळा ती परतीच्या गाडीची तयारी असते. मी नाकाकडे बघायची पुसण्यापुरतं. खरं बघायचं ते खाली, बरगड्यांकडे. पोर खेळतंय, खातंय, भांडतंय, तर नाक कितीही वाहू दे. पोर गप्प बसलं, श्वास धापेचा झाला, बरगड्यांमध्ये खळगा पडायला लागला, की गाणं बंद, होडी बंद, चला इंदापूरच्या दवाखान्यात.

माझं स्वतःचं म्हणाल, तर पहिल्या हिवाळ्यात गावातल्या झाडून सगळ्या सर्द्या मी घेतल्या. एकही सोडली नाही, कुणाला वाईट वाटायला नको. नाक इतकं लाल झालं होतं की इंदापूरच्या रस्त्यानं चालले असताना एस.टी.च्या ड्रायव्हरनं लांबून बघितलं आणि गाडी उभी केली. त्याला वाटलं, रस्ता बंदची खूण आहे.

सगळं असं सुखानं वाहत असताना दिनू आला.

दिनू म्हणजे तात्यांचा एकुलता एक नातू, चार वर्षांचा. त्यांच्या वाड्यात दुसरं पोर नाही, त्यामुळे आजवर एकटाच वाढलेला. त्याला आणलं त्याच्या आजीनं, तात्यांच्या बायकोनं. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं. काकींच्या कडेवर मला आधी गाठोडंच दिसलं. कानटोपी, त्यावर मफलर, दोन सदरे, गळ्यात वेखंडाचा तुकडा, अंगाला ओव्याची धुरी दिल्याचा वास. बराच शोध घेतल्यावर आत दोन डोळे सापडले.

"बाई, ह्यो आमचा दिनू," काकी म्हणाल्या. "आजपतूर त्येला शिंक म्हायती न्हाय. समद्या गावाची पोरं हितं येत्यात, तवा आमचंबी यावं म्हनून आनलं. आनलं तसं परत न्यायाचं, काय?"

"काकी, पोरांत बसलं की थोडीफार सर्दी..."

"हुयाची न्हाय," काकींनी निकाल दिला.

झाली. आठवडा उलटला नाही तोच झाली. दिनूची पहिली शिंक मला आठवते. शिंकून तो इतका दचकला, की कुणी मारलं म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. शिरपानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "लई ब्येस! आता आजून येक हान."

ती सर्दी गेली, पोर परत आलं, आणि शेजारच्या पोराची नवी सर्दी घेऊन घरी गेलं. ती जाते न जाते तोच तिसरी. काकी बालवाडीच्या दारात उभ्या राहून गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही बालवाडी न्हवं, ही शेंबडाची पेठ हाय. भाजीवाला वांगी घिऊन बाजारात जातो आन् पैसं घिऊन येतो. आमचं पोर कोरं नाक घिऊन येतं आन् भरून घिऊन जातं!"

पोराला घरी ठेवायला काकी तयार, पण दिनू तयार नाही. त्याला पोरांची चटक लागली होती. घरी ठेवला की लोळण घ्यायचा. मग काकींनी वेगळा तोडगा काढला. त्या स्वतःच रोज येऊन उंबऱ्यावर बसायला लागल्या. बारक्या पोरांच्या बालवाडीला पहिल्यांदाच पहारेकरी मिळाला. येणाऱ्या प्रत्येक पोराला अडवायचं, "थांब रं, वर बघ," म्हणायचं, आणि आपल्या लुगड्याच्या पदरानं त्याचं नाक असं खसकन पुसायचं की पोराचे डोळे आत जायचे. "माज्या दिनूपाशी शेंबडं नाक न्यायाचं न्हाय. जा आता."

मी मनात म्हटलं, वा, पाटकरणीला मदतनीस मिळाली. आठवडाभर मी काकींवर खूष होते. सर्दी मात्र कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. आणि गंमत म्हणजे, सगळ्यांत जास्त दिनूला.

त्याच दिवसांत तानीचं झालं. तानी म्हणजे गावातल्या एका माळ्याची मुलगी. त्यांचा वांग्या-टोमॅटोचा मळा होता. सकाळी ती आली ती कोपऱ्यात बसली. दूध दिलं तर घेईना. मी पोलकं वर करून बघितलं, तर बरगड्यांमध्ये खळगे पडत होते, श्वास घाईचा. उंबऱ्यावरून काकी म्हणाल्या, "डबा झालाय पोरीला. बिब्ब्याचा डाग द्या पोटावर, आत्ता उतरंल." गावात छातीच्या या दुखण्याला डबाच म्हणायचे आणि त्याला तोच उपाय. डागाच्या खुणा असलेली कितीतरी पोटं मी पाहिली होती. ज्या पोरांना त्याचा उपयोग झाला नाही, त्यांची पोटं बघायला मिळत नाहीत.

मी तानीला उचललं ते थेट तिच्या बापाच्या मळ्यात. तिथं वांग्यांच्या पाट्यांनी भरलेला ट्रक इंदापूरच्या बाजाराला निघत होता. बाप गडबडला, म्हणाला, "बाई, म्होरं डायवर आन् किलीनर हाईत, जागा न्हाय." मी म्हटलं, "वांग्यांत आहे." आणि पाट्यांवर चढून बसले. त्या ट्रकचा वेग असा होता, की आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा आमची धूळ अजून वाटेत होती. देठांचे काटे मात्र मला पुढे बरेच दिवस आठवत राहिले.

डॉक्टर रागीट आणि कमी बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली, सुई टोचली आणि म्हणाले, "हे नाकाचं काम नाही, छातीचं आहे. वेळेवर आणलीत. हिला इथं ठेवा." तानी वाचली. आज ती स्वतः आजी आहे.

तिला झोप लागल्यावर मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, बाकीच्या पोरांची सर्दी हटतच नाही. एकाची जाते, दुसऱ्याची येते. माझ्या बालवाडीत काही खोट आहे का?"

"पोरं खेळतात?"

"माकडासारखी."

"मग ती सर्दी नाही, शाळा आहे," डॉक्टर म्हणाले. "सर्दीच्या जाती पुष्कळ. अंगाला एकेकीची ओळख करून घ्यावी लागते. ओळख झाली, की ती जात परत आली तर अंग तिला दारातच अडवतं. घरात एकटं वाढलेलं पोर पोरांत आलं, की पहिलं वर्ष त्याला सगळे पाहुणे एकदम भेटतात. वर्ष-दोन वर्षांत निवळतं. आज घरी ठेवलंत, तर हाच अभ्यास ते मोठ्या शाळेत गेल्यावर करील."

"म्हणजे होऊ द्यायची?"

"होते ती होऊ द्या. पण म्हणून ताटात वाढायला बसू नका! हात धुवायला लावा. आणि एकाचं फडकं दुसऱ्याच्या नाकाला लावू नका."

मी परत आले ती डोक्यात हे वाक्य घोळवत. एकाचं फडकं दुसऱ्याला? माझ्याकडे तर फडकीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पोरांकडे न बघता दाराकडे बघत बसले. शिरपा आला, काकींनी पदरानं नाक पुसलं. त्याच्यामागून आलेल्या पोरीचं पुसलं. तिच्यामागच्याचं पुसलं. तोच पदर, त्याच पदराचं तेच टोक. सगळ्या गावाची नाकं साफ झाली. मग दूध वाटलं. दूध पिऊन दिनू आजीकडे गेला आणि काकींनी त्याला मांडीवर घेतलं, लाडानं गाल कुरवाळले आणि त्याच टोकानं त्याचं तोंड पुसलं. ओठ पुसले, नाक पुसलं, डोळ्यांच्या कडा पुसल्या. निरवांगीतल्या सगळ्या सर्द्या एकत्र करून, वर माया लावून, नातवाला भरवल्या.

आता हे सांगायचं कसं? तात्यांच्या घरच्या माणसाला, त्यांच्याच छपरात उभं राहून, "काकी, तुमचा पदर खराब आहे" म्हणायचं? पदराचं नाव काढलं म्हणून आपल्याकडे घरंच्या घरं एकमेकांत बोलत नाहीत. मी आडून सुरुवात केली.

"काकी, प्रत्येक पोराला आपलं आपलं फडकं असलं तर? डॉक्टर म्हणत होते..."

"डाकतरला पोरं किती?"

"ते मी विचारलं नाही."

"मंग इचारा. ह्या पदरानं म्या माजी पोरं पुसली, दिरांची पुसली. सगळी बैलावानी हाईत. फडकी शेरातल्या मान्सांना लागत्यात, त्यांच्या बायकांना पदर न्हाई म्हनून."

तिथंच विषय संपला. आणि वर संकट आलं. तात्यांनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. पंचक्रोशीत पहिला. त्याला उभं करायला छप्पर हवं, आणि गावात एवढं मोठं छप्पर एकच. तात्या माणूस न्यायाचे. मला चावडीजवळ गाठून म्हणाले, "बाई, मला तुमचं काय वावडं न्हाय. ट्रॅक्टर मी हिकडं तिकडं बी लावला आस्ता. पर घरात जेवाय बसलो की भाकरीबरूबर सर्दी वाढली जाती. काकी म्हनती, बालवाडी बंद करा न्हायतर मला माह्यारी धाडा. आता ह्या वयात म्हातारीला माह्यारी कुटं धाडू? मी येऊन दाराचं माप घिऊन जातो. ट्रॅक्टर बसत आसंल, तर तुमी दुसरीकडं बगा."

दुसरीकडे बघायला काही नव्हतं. देवळात उतरलेल्या माणसांची वर्दळ, चावडीत तलाठी. रखमाला कळलं. ती म्हणाली, "दोरी हाय घरात आजून. टाकली न्हाई."

तिचं ते बोलणं मला लागलं. पाटकरी नुसता दारावर बसून चालत नाही. पाणी कुठून फुटतंय हे त्याला सगळ्यांना दाखवून द्यावं लागतं.

छपराच्या बाहेरच्या भिंतीला गेरूचा पट्टा ओढायचा राहिला होता. सकाळी लवकर मी वाटीत गेरू कालवला. रखमा कामाला जाता जाता शिरपाला सोडून गेली होती. त्याच्या हातात वाटी दिली. आता शिरपाच्या नाकाला गेरू कसा लागला, हे मला विचारू नका. वाटीत नीट वाकून बघ, असं मी त्याला म्हटलं असेन किंवा नसेनही. वय झालं, आठवत नाही, आणि आठवतं ते वाढवून सांगायची सवय, तेव्हा माझी साक्ष कुठल्या कोर्टात टिकायची नाही. नाकाला लागला होता, हे खरं. बऱ्यापैकी लागला होता. शिरपाच्या नाकानं तो ओलाच ठेवला.

काकी आल्या, उंबऱ्यावर बसल्या. "थांब रं," म्हणाल्या, "वर बघ. ह्ये काय माखलंय? मातीत त्वांड घालतंस व्हय?" आणि पुसलं, खसकन. पुढचं पोर आलं, ते पुसलं. काकी एका हातानं नाकं पुसत होत्या आणि तोंडानं मला बालवाडी हलवायला कुठलं रान चांगलं ते सांगत होत्या, त्यामुळे हाताकडे लक्ष नव्हतं. मी पोरांना गोल बसवलं आणि एक लांबलचक गाणं सुरू केलं, म्हणजे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघू नये.

दूध झालं. दिनू आजीच्या मांडीवर जाऊन आला. तेवढ्यात माप घ्यायची काठी घेऊन तात्या दारात.

"बाई, येऊ का?" म्हणून त्यांनी आत बघितलं, आणि तिथंच थांबले. समोर गोलात सगळी पोरं, आणि झाडून सगळ्यांची नाकं लाल. कुणाचा शेंडा लाल, कुणाचं मिशीसारखं, कुणाचं गालापर्यंत गेलेलं. आणि मधोमध दिनू. त्याचं नाक लाल, ओठ लाल, डोळ्यांच्या कडा लाल. मारुतीच्या देवळातून शेंदूर लावून उठून आल्यासारखा.

"ह्ये काय?" तात्या म्हणाले.

"मला काय इचारता? बाईंना इचारा," काकी उसळल्या. "पोरांना रंग फासून बसवलंय. रंगपंचमी न्हाई, शिमगा न्हाई!"

मी हात जोडून म्हटलं, "तात्या, गेरू एकट्या शिरपाच्या नाकाला लागला होता. मी बाकी कुणाला हात लावलेला नाही."

तात्यांनी शिरपाकडे बघितलं, मग ओळीनं एकेका पोराकडे, मग दिनूकडे. मग हळूच काकींच्या मांडीवर पडलेल्या पदराकडे. काकींनीही तिकडे बघितलं. हिरवं लुगडं, आणि पदराचं टोक तांबडंलाल. त्यांनी ते टोक हातात घेतलं, उलटसुलट केलं, नातवाच्या तोंडाशी धरून पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ चेहरे पाहिलेत, पण पोराला जपता जपता आपण काय करत होतो हे कळलेल्या आजीचा चेहरा तेवढा एकच.

त्याच वेळी तात्यांना हसू फुटलं. आणि तात्यांचं हसू म्हणजे इंजिन. एकदा सुरू झालं की डिझेल संपेपर्यंत बंद नाही. पोरंही हसायला लागली. काकी उठल्या, दिनूला उचललं आणि घरी गेल्या. मागोमाग तात्या डोळे पुसत गेले. माप घ्यायचं राहून गेलं.

पोरं घरी गेल्यावर मी एकटी त्या भिंतीला टेकून बसले. आता मला हसू येईना. भर छपरात, नवऱ्यासमोर, नातवासमोर मी त्या बाईला खाली बघायला लावलं होतं. वाद मी जिंकले, पण छप्पर गेलं, असं मी धरून चालले. नंतरचे काही दिवस रोज सकाळी लांबून बघायची, दाराला कुलूप आहे का. कुलूप नसायचं, पण काकीही नसायच्या, आणि दिनूही. रखमा पोराला सोडताना तोंडानं विचारायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची.

मग एका सकाळी काकी आल्या. कडेवर दिनू, मफलर नाही, कानटोपी नाही. काखेत गाठोडं. त्यांनी उंबऱ्यावर नेहमीच्या जागी बसून ते सोडलं. आत हिरव्या लुगड्याची चौकोनी फडकी, प्रत्येकाला चारी बाजूंनी दोरा घातलेला, आणि प्रत्येकावर कोपऱ्यात दोऱ्यानं काहीतरी काढलेलं. एकावर वांगं, एकावर बैल, एकावर खुरपं, पोपट, चाक.

"वांगं तानीचं," काकी म्हणाल्या. "ती बरी हुन आली की द्याचं. बैल शिरपाचा, त्येचं फडकं मोठं केलंय, त्येचं नाकच तसं हाय. पोपट आमच्या दिनूचा. ज्येचं त्येनं छातीला लावायचं, ज्येच्या त्येच्या आईनं रोज उकळून धुयाचं. न्हाई धुतलं, तर त्या आईला मी बगते."

मी एक फडकं हातात घेतलं. "काकी, एवढं चांगलं लुगडं फाडलंत?"

काकींनी माझ्याकडे न बघता दिनूच्या छातीला पोपट टाचला. "गेरू निघंना त्येचा. लई घासला." आणि मग, तितक्याच थंडपणे, "पुढच्या येळंला नीळ घ्या, बाई. धुतली की जाती."

त्यानंतर सर्दी संपली, असं मी म्हणणार नाही. एवढी थाप माझ्याच्यानंही मारवत नाही. कमी झाली, थांबली नाही. दिनू त्या हिवाळ्यात पुन्हा पुन्हा वाहिला. पण पुढच्या हिवाळ्यात तो शिंकून खेळायला पळायचा, थांबायचासुद्धा नाही. नवी पोरं यायची, त्यांच्या आया कुरकुरत दाराशी यायच्या, आणि माझ्या आधी काकी बोलायच्या, "तुझं पोर आत्तापतूर घरात एकटं व्हतं नव्हं? मंग आता त्येला समदं गाव भेटतंय. दम काढ जरा. धाप लागली तर मातर बाईंकडं पळत यायाचं, डाग द्याचा न्हाई." डॉक्टरांचं नाव त्या कधी घेत नसत. हे सगळं त्यांनाच आधीपासून माहीत होतं, असाच सूर असायचा. मी कधी दुरुस्ती केली नाही.

शिरपा मात्र गेला. नदीपलीकडे कुठं तरी जास्त दिवसांचं काम मिळालं म्हणून रखमा घर उचलून गेली. तिकडे बालवाडी नव्हती, हे मला ठाऊक होतं. ती निघाली तेव्हा शिरपाच्या छातीला बैल होता आणि गाठोड्यात दोरी होती की नाही, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पुढं नोकरीत मी पुष्कळ गावं फिरले. कुठं छप्पर मिळालं, कुठं मिळालं नाही, आणि कुठं मिळालेलं गेलं. प्रत्येक गावात काकी भेटत नाहीत.

आणि ट्रॅक्टर? तो आलाच. लाल, नवा कोरा, गावभर धूर सोडत. सगळी बालवाडी बाहेर पळाली. तात्यांनी तो थेट छपराच्या दाराशी आणून उभा करवला. दारातून जाईल एवढा होता, हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच दिसलं.

काकी उंबऱ्यावरून उठल्या नाहीत. "कुटं घालताय त्येला?"

"छपरात," तात्या म्हणाले.

"छपरात पोरं हाईत."

"आगं, येवढी मोलाची वस्तू. उघड्यावर दव पडतंय, उंद्या पाऊस यील. गंजंल न्हव का!"

"मंग कुंची शिवते मी त्येला," काकी म्हणाल्या आणि समोरच्या पोराचं फडकं नीट करायला लागल्या.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं एक नाक शोधलं आणि पुसायला घेतलं.

आणि काकींनी खरंच शिवली. गोणपाटाची, तान्ह्या पोराला घालतात तशीच, वर टोक, खाली झालर, बांधायला बंद. कडुलिंबाखाली तो ट्रॅक्टर कुंची घालून उभा असायचा, आणि इंदापूरला जाणारी माणसं वाट वाकडी करून बघून जायची. कारखान्याच्या मीटिंगला तात्या पोचले, की सभासद पहिल्यांदा विचारायचे, "काय तात्या, नवं पोरगं कसं हाय?"

"बरं हाय," तात्या म्हणायचे. "आय त्येला घरात घिईना, येवढंच."